साहेबाला येडा करू नको

भाऊ, गोष्ट वाचली तुझी. न्यूयॉर्कवर उल्का येऊन राहिली अन् सचिव साहेब केबिनमधे झोपा काढून राहिले, हसू येते पण पटत नाही न बे. हुशार लोकं आपापल्या टेबलावर नियमानं काम करत असतात अन् तरी सिस्टिम बुडते, ते दाखव.

चेर्नोबिलचं अणुवीज केंद्र बघ, 1986. स्फोटानंतर हातात होते त्या किरणोत्सर्ग मोजायच्या मीटरचा काटाच तासाला 3.6 रॉन्टजेनच्या वर जात नव्हता, मग वरच्या साहेबांकडे तोच आकडा गेला, अन् शेजारचं प्रिप्यात शहर खाली झालं दुसऱ्या दिवशी दुपारी. खोटं बोलायची गरजच नाही पडली, निदान सुरुवातीला तरी.

किंवा 2024 वायआर4 हा लघुग्रह घे. फेब्रुवारी 2025 मधे 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर आदळायची शक्यता 3.1 टक्क्यांपर्यंत गेली होती, नंतर नवीन निरीक्षणं आली अन् ती जवळपास शून्यावर आली. पण तुझ्या गोष्टीत ती तीनवरच अडकली असं धर. शहर खाली करा म्हटलं अन् काहीच नाही झालं तर चौकशी लागते, म्हणून जो तो 'अभिप्रायार्थ सादर' लिहून फाईल पुढे ढकलतो. त्यात डिसेंबर म्हणजे आपल्या नागपूरला अधिवेशन, मोर्चे, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मंत्री इथं अन् त्याला पाहिजे तो कागद मुंबईत. एवढं सामान घरबसल्या मिळून राहिलं तर न्यूयॉर्क काऊन घेतलं बाप्पा?

अन् गोष्टीतलं ते पत्रकार परिषदेचं प्रकरण पूर्ण काढून टाक, लय लांबलं.