आजोबांची येझदी: आधी किक मारू नकोस

आजोबांची जुनी येझदी मोटरसायकल अनेक वर्षं उभी आहे, ती पुन्हा चालू करायची म्हणतोस, तर उत्साहाच्या भरात किक मारू नकोस मित्रा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर सिलिंडर ओरबाडून निघेल. स्पार्क प्लग काढ, त्याच्या भोकातून थोडं ऑइल सोड, दोन-तीन दिवस मुरू दे. मग गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरव. इंजिन सुटलं तर सुटलं, नाहीतर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) खोलायचं.

इंजिन सुरू झालं तरी हुरळू नकोस. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील सुकून कडक होतात, तिथून जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी तापून पिस्टन जाम होतो. इंजिन खोललंच तर सील नवेच घाल. टाकीतला गंज साफ कर, पेट्रोलमध्ये लिटरला साधारण 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळायला विसरू नकोस.

रंगाची घाई कशाला? टाकीवरचा मूळ क्रोम आणि पट्टे शाबूत असतील तर नुसतं पॉलिश मार. मेकॅनिक ‘सगळं नवं करू’ म्हणेल, ऐकू नकोस. काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागून घे.

आणि हो, खर्चाआधी आरसी (गाडीचं नोंदणी पुस्तक) शोध. वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म 31 लागतो.