कोरलला रोज खाऊ? नको रे बाबा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या कोरलला (प्रवाळाला) रोज खायला द्यावं का, असं विचारलंस. तुझ्याकडे झोअँथिड आणि मशरूम, म्हणजे मऊ अंगाची कोरलंच आहेत ना? मग रोज भरवायची गरज नाही. त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ उजेडावर त्यांचं बरंचसं पोट भरतं. म्हणून आधी टाकीवरचा दिवा नीट बघ. खाऊ आठवड्यातून एकदा पुरे. पंप बंद करून मायसिसचा (कोळंबीसारख्या छोट्या जिवाचा) बारीक तुकडा पिपेटनं मशरूमच्या मधोमध सोड. हळूहळू कडा आत वळून पिशवीसारखा मिटला, की घेतलं समज. उरलेलं लगेच ओढून काढ, नाहीतर ते सडून पाण्यात फॉस्फेट हा क्षार चढतो. नागपूरच्या मे महिन्यात तर हात आणखी आखडता घे: गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, सडणारं अन्न तोही खातं. आणि हो, दुकानदारानं दगडी (कडक सांगाड्याचं) कोरल दाखवलं तर घेऊ नकोस. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे.