मुलगी इंदूरला तिसरीत आहे, घरी मराठी. हिंदी श्रुतलेखाचे दहा शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतो, तरी दर शनिवारी तीन-चार चुकतातच. काय करावं?

दहा वेळा लिहायला लावणं बंद करा आणि शब्द झाकून, आठवून एकदाच लिहून घ्या. बघून उतरवताना तिसऱ्या ओळीनंतर नुसता हात चालतो, आणि पहिल्या ओळीत चूक झाली असेल तर तीच पुढे नऊ वेळा गिरवली जाते. शब्द बघायचा, मोठ्याने म्हणायचा, झाकायचा, लिहायचा. मग तिनेच ताडून पाहून चुकलेल्या अक्षराखाली रेघ मारायची. सोमवारी पाच, मंगळवारी पाच, बुधवारपासून फक्त चुकलेले. रोज सात-आठ मिनिटं पुरेत.

तुमच्याकडे खरी गोम बहुधा वेगळीच आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ: कवी, शक्ती, गुरू. हिंदीत तेच संस्कृत शब्द कवि, शक्ति, गुरु. म्हणजे आजीनं शिकवलेलं बरोबर, तरी शाळेत लाल गोल! शिवाय पाणी-पानी, फळ-फल आहेतच. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी असे जोडीनं लिहा. ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘हे डावीकडचं’ म्हणा, पोरं पटकन धरतात.

मात्र ‘हिंदीत शेवटी ऱ्हस्व’ असा सरसकट नियम सांगू नका. नदी, पानी, लड़की तिथेही दीर्घच. आणि नदीचं अनेकवचन करताना पुन्हा ऱ्हस्व, नदियाँ.