गावच्या मैदानावर रात्री 20 फुटी पडद्यासाठी 30 हजारांत कोणता प्रोजेक्टर घ्यावा?

कोणताच घेऊ नका. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण हाच विषय आमच्या गणपती मंडळाच्या बैठकीत निघाला होता, म्हणून लिहितोय.

आमचा खजिनदार माझा चुलतभाऊ. मी म्हणालो, एका रात्रीचा प्रश्न आहे, 5000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणाऱ्या उजेडाचं माप) भाड्याने आणू. त्यानं ऑनलाइन एक खोकं मागवलं. वर ठळक '9000 ल्युमेन'. अ‍ॅन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड किती, ते खोक्यावर कुठेच नाही. मी विचारलं तर चारचौघांत म्हणतो, "तुला सगळं महागातलंच दिसतं."

पाचव्या दिवशी पोरांनी गावच्या बारवेवर केलेली फिल्म लावली. पाच मिनिटं झाली तरी पुढे बसलेल्या काकू विचारतायत, "सुरू कधी होणार?" देवळाचा हॅलोजन बंद केला, भेळवाल्याला बल्ब काढायला लावला, तो चिडला ते वेगळंच. शेवटी प्रोजेक्टर पुढे सरकवत सरकवत चित्र सहा फूट रुंदीवर आणलं, तेव्हा कुठे पोरांचे चेहरे ओळखू आले.

हिशोब साधा होता. 20 बाय 12 चा पडदा म्हणजे साधारण 22 चौरस मीटर. खरे 5000 ल्युमेन असतील तर पडद्यावर सव्वादोनशे लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन) पडतात. असल्या खोक्यातून खरे 500 निघाले तरी नशीब, म्हणजे 22 लक्स. रस्त्यावरच्या दिव्याचाच उजेड 10-20 लक्स असतो! रुंदी निम्मी केली की उजेड चौपट, म्हणून सहा फुटांवर दिसलं. हे मी बैठकीत कागदावर मांडलं होतं. तो कागद खजिनदारानं चहाच्या कपाखाली ठेवला.

थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, बघा. 1.5 असेल तर 20 फुटी चित्राला मशीन 30 फूट मागे, म्हणजे बरोबर लोकांच्या मध्ये. तेवढी जागा दोरी लावून आधीच अडवा. लाइट जाणाऱ्या गावात यूपीएस हवाच.

हां, दर महिन्याला कार्यक्रम असतील तर विकत घेण्यात अर्थ आहे, पण मग लेझरचा घ्या आणि बजेट विसरा. आणि सूर्य मावळायच्या आत काही दाखवायचं असेल तर प्रोजेक्टरच्या नादी लागू नका, एलईडी वॉल सांगा.

ते खोकं आता खजिनदाराच्या बेडरूममध्ये आहे. त्याची मुलं भिंतीवर कार्टून बघतात. मंडळाच्या ताळेबंदात मात्र ते अजून 'साहित्य' म्हणून लिहिलेलं आहे.