ब्रिटनमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या घराचं भाडं थकलं, नोकरीही गेली, तर असोसिएशन काय मदत करते?

आधी एक गैरसमज दूर करतो: ही आपल्याकडची सोसायटी नव्हे. परवडणाऱ्या भाड्याने घरं देणारी ही ना-नफा संस्था असते, म्हणजे तुमची घरमालकच. भाडेकरूला बाहेर काढणं तिलाही महागात पडतं, म्हणून बऱ्याच मोठ्या असोसिएशन पैशांबाबत सल्ला देणारी माणसं नेमतात. भाडं चुकण्याआधीच फोन करा. चुकलंच असेल तर आजच.

ही माणसं सर्वांत आधी तुम्हाला कोणते सरकारी भत्ते लागू होतात ते बघतात. खरी मेख युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे बेरोजगार किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात आहे. अर्ज केल्यावर पहिला हप्ता साधारण ५ आठवड्यांनी येतो, आणि भाडं काही तोवर थांबत नाही. आगाऊ रक्कम मागता येते, पण ते कर्जच; पुढच्या हप्त्यांतून कापलं जातं. थकबाकी थोडी थोडी फेडण्याचा करार करताना झेपेल तेवढाच आकडा कबूल करा. इतर देणीही असतील तर इंग्लंड-वेल्समध्ये कर्ज-सल्लागारामार्फत 'ब्रीदिंग स्पेस' मिळते: ६० दिवस वसुलीचा तगादा थांबतो. चालू भाडं मात्र भरावंच लागतं.

काम शोधायलाही मदत मिळते: सीव्ही, मुलाखतीची तयारी, छोटे कोर्स. काही ठिकाणी प्रवासखर्चही. नोकरी लागली की भत्ता एकदम बंद होईल, या भीतीने लोक अडून बसतात. तसं नसतं. हातात येणाऱ्या पगाराच्या दर पाउंडामागे भत्त्यातून ५५ पेन्स कापले जातात, आणि मुलं किंवा कामावर मर्यादा आणणारं आजारपण असेल तर सुरुवातीची काही कमाई या हिशेबातून वगळतात. नव्या पगाराचा हिशेब त्या सल्लागाराकडूनच मांडून घ्या.