माती हातात न घेता चंद्रावर कोणती मूलद्रव्ये आहेत हे यानाला कसं कळतं?

सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर पडले की तिथले अणू उत्तेजित होतात आणि स्वतःचे क्ष-किरण बाहेर टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. ती मोजली की मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम, लोह ओळखता येतात. चंद्राला हवा नसल्यासारखीच, म्हणून हे किरण वर यानापर्यंत पोचतात. पृथ्वीवर वातावरण ते शोषून घेतं.

२०१९ मध्ये निघालेल्या चांद्रयान-२ चं 'क्लास' उपकरण साधारण १०० किमी उंचीवरून हेच करतं. यातली खरी अडचण सूर्याची. तो शांत असेल तर संकेत फार क्षीण येतो, सौरज्वाला उसळली की संकेत ठळक होतो. म्हणून त्याच यानावरचं 'एक्सएसएम' हे दुसरं उपकरण सूर्याचे क्ष-किरण सतत मोजत असतं. ते आकडे नसतील तर मूलद्रव्याचं प्रमाण काढताच येत नाही. रात्रीच्या बाजूला ही पद्धत चालत नाही. शिवाय दिसतो तो अगदी वरचा पातळ थर. थोडं खोल बघायला गॅमा किरण लागतात.

साताऱ्यात राहत असाल तर अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ बघा. तो बेसॉल्ट. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, लोहाने समृद्ध. उजळ भागात ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम जास्त.