चढावर १७४ : व्यायाम आणि नाडीचा आकडा

प्रश्न : वय ५२. रोज भरभर चालतो, मध्येच थोडं धावतो. घड्याळानं माझी कमाल हृदयगती १६८ धरली आहे, पण चढावर ते १७४ दाखवतं. धोका आहे का? आणि चालताना ठोके नेमके किती असावेत?

उत्तर : १६८ हा आकडा तुमचं हृदय तपासून आलेला नाही. २२० मधून वय वजा केलं, एवढंच. एकाच वयाच्या दोन माणसांची खरी कमाल गती या सरासरीपेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वरखाली असणं अगदी नेहमीचं आहे. २००१ साली मांडलेलं दुसरं सूत्र, म्हणजे २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करणं, पन्नाशीनंतर थोडं बरं. त्यानुसार तुमची कमाल १७२ येते. तरीही तो अंदाजच. त्यामुळे त्रास काहीच नसेल तर नुसत्या १७४ ला घाबरू नका. मात्र छातीत दडपण, चक्कर, घेरी किंवा ठोके चुकल्यासारखं वाटलं, तर आकडा कितीही असो, तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरा भाग. नुसते कमाल गतीचे टक्के काढण्यापेक्षा विश्रांतीची नाडी हिशेबात घ्या. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणात पडल्यापडल्याच, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. अंगठ्यानं मोजू नका, त्याचे स्वतःचे ठोके जाणवून घोटाळा होतो. तीन-चार दिवसांची सरासरी समजा ६४ आली. १७२ वजा ६४, म्हणजे १०८ ठोके राखीव. त्याचे ४० टक्के ४३ आणि ६० टक्के ६५. दोन्हींत ६४ मिळवले की १०७ ते १२९ हा तुमचा मध्यम व्यायामाचा पट्टा. १२९ च्या वर तो जोरकस व्यायाम.

हा पट्टा श्वासाशी ताडून बघा. मध्यम व्यायामात पूर्ण वाक्यं बोलता येतात, गाणं म्हणता येत नाही. १२० वर असताना दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल, तर तुमच्या बाबतीत गणित चुकलं आहे. अशा वेळी श्वासाचं ऐका.

प्रश्न : धावायला लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच घड्याळ १७० दाखवतं, मला तर काहीच जड वाटत नाही. मग आकडा एकदम १३५ वर येतो. असं का?

उत्तर : घड्याळाच्या मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताची हालचाल टिपतो. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यानं येणारा ताल आणि नाडी यांत त्याची गल्लत होते. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, म्हणजे तुमचे ते १७० बहुधा पावलांचे! घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, पट्टा घट्ट करा. थंडीत हात गार असतील तर आधी अंग गरम होऊ द्या. शंका आली की थांबून लगेच नाडी १० सेकंद मोजा आणि सहानं गुणा. उशीर नको, थांबल्यावर ठोके झपाट्यानं उतरतात. मानेवर मोजत असाल तर एकाच बाजूला, हलकेच.

वेगवान टप्पे करणाऱ्यांनी छातीचा पट्टा घ्यावा, तो हृदयाचे विद्युत संकेतच मोजतो. लावण्यापूर्वी आतली संवेदक पट्टी ओली करायला विसरू नका, कोरडी असली की सुरुवातीला वेडेवाकडे आकडे येतात. तरी ३० सेकंदांच्या टप्प्यात कोणताच आकडा बघण्यात अर्थ नाही, हृदयगती मागाहून चढते आणि तोवर टप्पा संपलेला असतो.

प्रश्न : रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल सुरू आहे. कितीही चाललं तरी नाडी ११० च्या वर जात नाही. वेग वाढवू का?

उत्तर : आकड्यासाठी मुळीच नको. हे औषध हृदयगती दाबून ठेवतं, त्यामुळे वरची दोन्ही सूत्रं तुम्हाला लागू नाहीत. श्रम किती वाटतात ते ६ ते २० च्या बोर्ग मापावर ठरवा : ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे पराकाष्ठा. १२-१३ च्या आसपास राहा. नाडी चढावी म्हणून गोळी चुकवणं तर अजिबात नको, हे औषध अचानक तोडणं हृदयाला धोक्याचं असतं. आकड्यांतच पट्टा हवा असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळी चालू ठेवूनच ताण चाचणी करून घ्या. पुढे मात्रा बदलली की तो पट्टाही नव्यानं काढावा लागेल.